ओलं, ओलसर, दमट

करारात शब्द होता ‘ओलं’. वाक्य असं होतं: ‘हवामान ओलं असल्यास मुलीला चालत शाळेत नेऊ नये, तिला मामाच्या गाडीतून पाठवावं.’ बाकीचा करार इस्त्रीवाल्यानं न कुरकुरता मान्य केला होता. कपाट बायकोकडे गेलं, पंखा इकडे राहिला, कुकर तिकडे गेला आणि कुकरची शिट्टी, कुणाच्याही लक्षात न येता, इकडे राहिली. रविवार एकाआड एक वाटले गेले. पण ‘ओलं’ या शब्दापाशी तो अडला. करार लिहून देणाऱ्या समुपदेशक बाईंना त्यानं विचारलं, की ओलं म्हणजे नेमकं किती ओलं? बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि ओलं म्हणजे ओलं, असं सांगितलं. असं उत्तर देणाऱ्या माणसाच्या हाती त्यानं स्वतःचा रुमालसुद्धा दिला नसता.

त्याच्या लाँड्रीत ओल्यापासून कोरड्यापर्यंत पाच पायऱ्या होत्या. निथळतं, म्हणजे ज्याच्याखाली बादली ठेवावी लागते. ओलं, म्हणजे ज्याला यंत्रात गरगर फिरवावं लागतं. ओलसर, म्हणजे दोरीवर दोन तास. दमट, म्हणजे थेट इस्त्रीच्या टेबलावर. इस्त्रीला लागतं ते हेच, कारण पार कोरड्या कापडाच्या सुरकुत्या जात नाहीत, त्यावर मुद्दाम पाणी शिंपडावं लागतं. आणि शेवटी कोरडं, ज्याची घडी घालून विषय संपवता येतो. हे बोटांनी कळत नाही. बोटं खोटं बोलतात, थंड कापड त्यांना ओलं वाटतं. कापड गालाला लावावं लागतं, डाव्या गालाला, डोळे मिटून. इस्त्रीवाल्याचा डावा गाल सोळा वर्षं या कामावर होता आणि त्याचा निर्णय कधी फिरला नव्हता. उजव्या गालाला यातलं काही कळत नसे. तो नुसताच होता.

मुलीचं नाव शाळेच्या हजेरीपुरतं वेगळं होतं, एरवी तिला सगळे बटण म्हणत. रांगायच्या वयात ती दुकानातल्या टेबलाखाली हरवलेली बटणं गोळा करत असे. त्यातलं एक तिनं गिळलं होतं. ते दोन दिवसांनी सुखरूप परत आलं आणि गिऱ्हाइकाला काही न सांगता शर्टाला लागलं. आता ती आठ वर्षांची होती, आईकडे राहत होती, आणि इस्त्रीवाल्याच्या वाट्याला रोज बावीस मिनिटं येत होती. सकाळी दहाला तो दुकानाचं दार ओढून घ्यायचा, बटणच्या आईच्या इमारतीखाली जाऊन उभा राहायचा, आणि तिथून शाळेपर्यंत बावीस मिनिटं बटण त्याचं बोट धरून चालायची. खरं तर ती पंधरा मिनिटांची वाट होती. उरलेली सात त्यानं स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवली होती: बुटाची नाडी मुद्दाम सैल बांधून, मांजराची चौकशी करून, एकाच खांबाला दोनदा वळसा घालून.

बटणची आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. दिवसभर ती अनोळखी माणसांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत एकच प्रश्न विचारायची: आधीचं बरं, की आत्ताचं? घरी मात्र हा प्रश्न दोघांनीही एकमेकांना वेळेवर विचारला नाही. भांडण असं फार झालं नव्हतं. दोरीवर विसरलेल्या टॉवेलसारखं सगळं हळूहळू कडक होत गेलं, आणि एक दिवस घडी घालायला गेल्यावर ते मोडायलाच लागलं. लग्नाची अकरा वर्षं ती त्याला ‘तू’ म्हणायची. वेगळं झाल्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हणायला लागली. इस्त्रीवाल्याला आयुष्यात इतका मान कुणी दिला नव्हता, आणि तो परत कुठे करायचा हे त्याला कळत नव्हतं.

‘ओलं’ हा शब्द तिनं उगाच घातला नव्हता. आदल्या वर्षी पावसात बटण आणि तिचा बाप रस्त्यातलं एकही डबकं न चुकवता घरी आले होते. आठवड्याभरात बटणच्या छातीत कफ साचला आणि ती नऊ दिवस दवाखान्यात राहिली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की हा आजार जंतूंमुळे होतो, डबक्यांमुळे नाही. आईनं मान डोलावली. पण जंतू तिला दिसले नव्हते. डबक्यातून येणारी दोघं दिसली होती, तीही हसताना. इस्त्रीवाल्यानंही डॉक्टरांचं ऐकलं होतं, आणि तरीही त्या नऊ दिवसांत त्यानं बटणच्या एका मोज्याला अकरा वेळा इस्त्री केली होती.

यंदा पावसानं येऊन जो मुक्काम ठोकला तो हलायचं नाव घेईना. पहिले एकोणीस दिवस सलग ओले गेले, आणि त्याबद्दल इस्त्रीवाल्याचं काही म्हणणं नव्हतं. ते दिवस खरोखर निथळते होते. तो दुकानाच्या दारात उभा राहायचा. दहा वाजून सात मिनिटांनी मामाची पांढरी गाडी समोरून जायची. मागच्या काचेवर वाफ धरलेली असायची आणि त्या वाफेत बटण बोटानं एक गोल काढायची, गोलात चार ठिपके. आतून काढलेलं चित्र बाहेरून उलटं दिसतं, पण बटण कसंही पाहिलं तरी बटणच दिसतं, हा विचार तिनं केला असावा. गाडी गेली, की तो आत जाऊन कुणाच्या तरी शर्टाच्या पाठीवरून नको तितक्या वेळा इस्त्री फिरवायचा. त्या महिन्यात गावातल्या पुरुषांच्या पाठी फार नीटनेटक्या होत्या.

विसाव्या दिवशी पाऊस थांबला नाही, पण विचारात पडला. पडतोय म्हणावं तर दिसत नव्हता, नाही म्हणावं तर भुवयांवर साचत होता. इस्त्रीवाल्यानं रस्त्यावर उभं राहून रुमाल पूर्ण शंभर आकडे मोजेपर्यंत हवेत धरला, गालाला लावला आणि दुकान ओढून निघाला.

इमारतीखाली मामा गाडी पुसत उभा होता. मामा म्हणजे बटणच्या आईचा थोरला भाऊ. माणूस वाईट नव्हता, फक्त फोनवर विश्वास ठेवायचा. नातं मोडलं तरी हाक शिल्लक होती, म्हणून तो अजून ‘भावोजी’च म्हणायचा. त्यानं फोन पुढे केला आणि साठ टक्के पाऊस आहे असं कळवलं.

“साठ टक्के म्हणजे काय, मामा? मुलगी गुडघ्यापर्यंत भिजणार की मानेपर्यंत?”

मामानं फोनमध्ये पाहिलं. फोनला हे ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात बटणची आई बटणला घेऊन खाली आली. इस्त्रीवाल्यानं रुमाल पुढे धरला आणि शांतपणे मांडणी केली, की करारात ओलं असं म्हटलंय, ओलसर असं म्हटलेलं नाही, आणि दमटाचा तर उल्लेखही नाही. आजची हवा दमट आहे. दमटावर इस्त्री चालते, मग पोर का चालू नये? आईनं रुमालाला हात लावला नाही. ती म्हणाली, की हवेचा रुमाल दाखवून उपयोग नाही, पावसातून चालून पोर शाळेच्या दारात पोचली पाहिजे आणि तिची बाही ओली लागता कामा नये. तसं झालं, तर पुढचं पुढे.

“छत्री घेतली तर?” बटणनं विचारलं.

“छत्री डोक्यापुरती असते,” आई म्हणाली. “तुझं डोकं कधी आजारी पडलेलं नाही.”

बटण गाडीत बसली. पण ‘पुढचं पुढे’ हे शब्द इस्त्रीवाल्यानं उचलून दुकानात नेले आणि दिवसभर त्यांच्याकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो वाट शोधायला लागला. त्याची आता रोज बावीस मिनिटं फुकट जात होती, ती त्यानं या कामाला लावली. बटणच्या इमारतीपासून शाळेपर्यंत, आभाळाखाली न येता जाता येईल का? गावाकडे त्यानं या दृष्टीनं कधी पाहिलं नव्हतं. छज्जे, पत्रे, जिन्याखालच्या जागा, दुकानांच्या ताडपत्र्या. दोन छपरांमधली अंतरं तो पावलांनी मोजायचा, त्याच्या नाही, बटणच्या पावलांनी, त्यामुळे मोठा माणूस रस्त्यात ठुमकत चालतोय असं दृश्य आठवडाभर लोकांना दिसत राहिलं. भाजी मंडईची शेड लांबलचक आणि चांगली होती. बँकेखालचं पार्किंगही चांगलं होतं, फक्त तिथला पहारेकरी प्रत्येकाला गाडी कुठंय असं विचारायचा. फर्निचरच्या दुकानाला एका रस्त्यावर पुढचं दार होतं आणि दुसऱ्या रस्त्यावर मागचं. दातांच्या दवाखान्याची बसायची खोलीही तशीच आरपार होती.

दवाखान्यात पहिल्यांदा शिरताना तो बाही ओली झाली का हे पाहत होता, म्हणजे डावी बाही डाव्या गालाला लावून, डोळे मिटून. काउंटरवरच्या मुलीनं ते पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर कणव आली आणि तिनं त्याचं नाव लिहून घेतलं. पुढच्या मंगळवारी सव्वादहा. तो नाही म्हणू शकला असता, पण मग आरपार जाऊ दिलं नसतं. तसाही मंगळवारी चष्म्याचं दुकान बंद असायचं, म्हणजे बटणच्या आईला सुट्टी. परीक्षेचा दिवस तोच ठरला.

वाट एक्कावन्न मिनिटांची निघाली. वाटेत उघड्या आभाळाचे सात तुकडे होते, सगळ्यांत मोठा शाळेच्या दारासमोरचा, बटणच्या अकरा पावलांचा. एक्कावन्न मिनिटं. त्यानं तो आकडा पावतीच्या मागे लिहिला, त्याखाली बावीस लिहिले आणि वजाबाकी केली. मग ती पावती खिशात ठेवली. अधूनमधून तो ती काढून पाहायचा, उत्तर तेच यायचं.

मंगळवारी सकाळी दणकून पाऊस होता. साडेनऊला तिघं निघाली. बटणची आई म्हणाली होती, की मी स्वतः येणार, डोळ्यांनी पाहणार, आणि तिच्या धंद्यात या वाक्याला वजन होतं. मामा गाडी घेऊन शाळेशी थांबणार होता, न जाणो.

पहिल्या चार गल्ल्या छज्ज्यांखालून गेल्या. बटण मध्ये होती, एक हात इकडे, एक हात तिकडे. अरुंद छज्ज्यांखाली तिघांना आडवं मावता येईना, तेव्हा तिघं भिंतीला पाठ लावून खेकड्यांसारखी सरकली. इस्त्रीवाला पुढे होता. आपण दोघं शेवटचं असं एका दिशेला कधी चाललो होतो, हे तो आठवत होता. समुपदेशक बाईंच्या जिन्यावर, हे उत्तर आलं. तेव्हा दिशा खाली होती.

मंडईच्या शेडमधून जाताना पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता, की बोलण्याची गरजच उरली नाही, आणि त्याला ते बरं वाटलं. तिथून रस्त्यावर पाहिलं, तर शाळेची पोरं सरळ वाटेनं चालली होती. दहा-बारा जणं, पिवळे, निळे, लाल रेनकोट, चालताहेत कमी आणि बडबडताहेत जास्त. त्यांत जाड भिंगाचा चष्मा घातलेली बटणची मैत्रीणही होती. तिचा नंबर बटणच्या आईनंच काढला होता. मैत्रिणीनं हात केला. बटणनं हात करायला वडिलांचा हात सोडला, आणि परत धरायला जरा वेळ लावला.

फर्निचरच्या दुकानात विक्रेता त्यांची वाटच पाहत असल्यासारखा पुढे आला. आठवडाभर हा माणूस पुढच्या दारानं येऊन मागच्या दारानं जात होता. आज बायको-मुलीला घेऊन आला म्हणजे निर्णय झाला, असं त्याच्या मनानं घेतलं. डबल बेडच पाहायचाय ना, त्यानं विचारलं. इस्त्रीवाला तोंड उघडणार, तोवर बटणची आई म्हणाली, की हो, नुसता पाहायचाय. विक्रेत्यानं बसून पाहायचा आग्रह केला. मग तिघं कडेला ओळीनं बसली. गादीवरचा प्लास्टिकचा कागद काढलेला नव्हता, तो कुरकुरला. समोर आरसा असलेलं कपाट होतं आणि आरशात तीन जणं बसली होती, एकमेकांची ओळख असावी इतपत जवळ. इस्त्रीवाल्यानं आरशाकडे पाहणं टाळण्यासाठी गादी दाबून पाहिली.

“कशी वाटतेय?” विक्रेत्यानं विचारलं.

“बरी आहे,” तो म्हणाला. “पण आमच्या घरात बसणार नाही.”

“कोणतं घर, मोजमाप सांगा की.”

बटण म्हणाली, की आम्हाला शाळेला उशीर होतोय, आणि उडी मारून उठली. गादीवर तिच्या जागी एक लहान खळगा पडला होता, तो हळूहळू भरून येईपर्यंत इस्त्रीवाला बसून राहिला. मग त्यालाही उठावं लागलं.

दातांच्या दवाखान्यात सव्वादहाला त्याचं नाव पुकारलं गेलं. त्याची कल्पना होती, की आत जायचं, तोंड दाखवायचं आणि दोन मिनिटांत बाहेर. पण डॉक्टरांनी तोंडात आरसा घातला आणि त्यांना आनंद झाला. डावीकडची खालची दाढ खरोखरच किडलेली होती. आठवडाभर नसलेलं दुखणं धरून चालणाऱ्या माणसाला शेवटी दुखणं मिळालं. त्यानं उठायचा प्रयत्न केला, पण खुर्ची आडवी झालेली होती, आणि तोंड उघडं असलेल्या माणसाला करार समजावून सांगता येत नाही. दोन इंजेक्शनं, कोरणं, भरणं, सगळं मिळून पंचवीस मिनिटं. बाहेर बटण आणि तिची आई जुनं मासिक चाळत बसल्या. बटणला त्यातलं कोडं सुटलं.

तो बाहेर आला तेव्हा चेहऱ्याचा डावा भाग त्याचा राहिला नव्हता.

आभाळाचे आधीचे सहा तुकडे त्यांनी उड्या मारून निभावले होते, शेवटच्या अकरा पावलांसाठी त्यानं घडीची छत्री आणली होती. छत्री एकाची होती आणि माणसं तीन. बटण मध्ये, त्यानं एका बाजूनं दांडा धरला, तिनं दुसऱ्या. हात तितके जवळ आले, की तिच्या हाताला अजून काचा पुसायच्या पाण्याचा वास येतो हे त्याला कळलं. नाकाची उजवी बाजू चालू होती. अकरा पावलं त्यानं एकोणीसमध्ये केली. त्याची पाठ निथळती झाली, तिची डावी बाजू ओली झाली, आणि तिघं फाटकाच्या छपराखाली पोचली. शाळा भरून सतरा मिनिटं झाली होती.

त्यानं वाकून बटणची बाही डाव्या गालाला लावली आणि डोळे मिटले.

काहीच आलं नाही. ओलं नाही, कोरडं नाही, कापडसुद्धा नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा गाल गैरहजर होता. त्यानं उजवा लावून पाहिला. उजव्याला नेहमीसारखंच काही कळलं नाही. मामा गाडीतून उतरून फोन घेऊन आला, पण फोनमध्ये बाहीसाठी काही सोय नव्हती.

“कळत नाही मला,” तो म्हणाला, म्हणजे तसं म्हणायचा प्रयत्न केला. बोलताना डाव्या कोपऱ्यातून लाळ आली. ती त्यानं स्वतःच्या बाहीला पुसली.

बटणच्या आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग ती गुडघ्यांवर बसली, बटणचा हात उचलला, बाही डाव्या गालाला लावली आणि डोळे मिटले. लग्नाच्या पहिल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी ती दुकानात यायची, तेव्हा त्यानंच तिला हे शिकवलं होतं. बोटांनी नाही, गालानं. घाई करायची नाही. श्वास सोडायचा आणि कापड काय म्हणतं ते ऐकायचं. ती विसरली असेल असं त्याला वाटलं होतं. ती काहीच विसरली नव्हती. ती श्वाससुद्धा त्यानं सांगितला होता तसाच सोडत होती.

“दमट,” ती म्हणाली. “ओली नाही. ओलसरही नाही. दमट आहे रे, बघ तू.”

‘तू’ म्हटल्याचं तिला कळलं की नाही, ते समजलं नाही. त्याला कळलं. अख्ख्या चेहऱ्याच्या फक्त उजव्या बाजूला कळलं.

तो जिंकला होता. पोर पावसातून चालत आली होती आणि करारात बसणारी ओल तिच्या अंगावर नव्हती. बटणची आई उठली, फाटकातून आत पाहिलं. व्हरांड्यात खुंट्यांवर दहा-बारा रेनकोट टांगलेले होते, त्यांच्याखाली पाण्याची छोटी छोटी तळी, आणि वर्गात ती सगळी पोरं केव्हाचीच बसून पाढे म्हणत होती. कुणी शिंकत नव्हतं. मग सवयीनं, एखादी काच बदलावी तशा आवाजात, तिनं विचारलं, “खरं सांगा. वाट कोणती ठेवायची? आधीची बरी, की आत्ताची?”

त्याला म्हणायचं होतं, आधी. वाटेचं सोडून सगळ्याबद्दल म्हणायचं होतं. पण जिभेची डावी बाजू झोपलेली होती, आणि बाहेर पडलं ते “आई.”

“आई, बाबा तुला बोलावतायत,” बटण म्हणाली.

“मी इथेच आहे,” आई म्हणाली.

मग बटणनं आपलं म्हणणं मांडलं. तिनं बहुधा मासिकाच्या आडून सगळं ठरवलं होतं. पावसात चाललं तर चालतं, हे आता सिद्ध झालंय ना? मग ती सरळ वाटेनं जाईल. त्या सगळ्यांबरोबर, रेनकोट घालून. चष्मेवाली मैत्रीण तिच्या इमारतीवरूनच जाते. म्हणजे बाबांना दुकान बंद करायला नको आणि मामाला गाडी काढायला नको. “आणि कोरड्यात पण,” ती म्हणाली. मग वडिलांच्या तोंडाकडे पाहून तिनं भर घातली, की बाबा वाईट चालत नाहीत, पण ते फार हळू चालतात, आणि तो खांब तिला पाठ झालाय.

सगळी उत्तरं इस्त्रीवाल्यानं स्वतःच आठवडाभर खपून तिच्या बाजूनं तयार केली होती. बटणच्या आईनं विचार केला, एक अट घातली आणि होकार दिला. अट अशी, की सरळ वाटेवर बाबांची लाँड्री लागते. ओलं हवामान असेल त्या दिवशी तिथे थांबायचं, बाबांनी गालाला लावून बाही पाहायची, ओली असली तर तिथेच वाळवून पुढे जायचं. करारात तसं लिहून घेतलं. समुपदेशक बाईंनी या वेळी ‘ओलं’ शब्दापुढे कंस करून ‘लाँड्रीवाल्याच्या डाव्या गालाच्या मते’ असं घातलं, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा त्या गालाला लेखी मान्यता मिळाली.

सोमवारी मामा रिकामी गाडी घेऊन लाँड्रीत आला आणि स्टुलावर बसला. भावोजी, आता दहा वाजता मी काय करायचं, असं त्यानं विचारलं. त्यानं म्हणे बटणसाठी गाडीत गाण्यांची यादी करून ठेवली होती. इस्त्रीवाल्यानं त्याचा शर्ट काढून घेतला आणि पाठीवरून दोनदा इस्त्री फिरवून दिला. त्याला दुसरं काही येत नव्हतं.

पावसाचे उरलेले दिवस मात्र बरे गेले. दहा वाजून दहा मिनिटांनी रेनकोटांचा गलका दुकानात शिरायचा. एकटी बटण कशी थांबेल, सगळीच थांबायची, आणि सगळ्यांनाच बाही तपासून हवी असायची. इस्त्रीवाला दारात वाकून उभा राहायचा आणि पोरं ओळीनं त्याच्या डाव्या गालाला बाही लावून पुढे सरकायची. तू ओलसर, पळ. तू दमट, पळ. तू काय नदीतून आलास का, आत ये. चष्मेवालीची बाही नेहमी कोरडी निघायची, त्यामुळे तिला अपमान झाल्यासारखं वाटायचं. बटण शेवटी यायची. तिची बाही तो सगळ्यांत जास्त वेळ तपासायचा. बाहीखाली मनगट असायचं, मनगटात नाडी. ओली निघाली तर आणखी चार मिनिटं: शर्ट काढून शाल गुंडाळून ती टेबलावर बसायची, तो बाहीवर इस्त्री फिरवायचा, वाफ दोघांच्या मध्ये उठायची आणि ती वाफेत बोटानं बटण काढायची, जे टिकत नसे. बावीसच्या जागी चार. त्यानं पावतीच्या मागे पुन्हा वजाबाकी करून पाहिली नाही.

ज्या माणसानं महिनाभर पावसाला शिव्या दिल्या, तो आता सकाळी उठून आधी आभाळ पाहायचा आणि काळं दिसलं, की शीळ घालत भट्टी पेटवायचा.

मग पाऊस गेला. एका सोमवारी सकाळी आभाळ धुऊन, वाळवून, इस्त्री करून टांगल्यासारखं दिसलं, आणि तसंच राहिलं. पोरं आता दुकानावरून सरळ जायची. कोरड्यात थांबायचं करारात नव्हतं. बटण हात करायची, मैत्रिणीशी बोलता बोलता, कधी याच्याकडे पाहून, कधी न पाहता. तो इस्त्री उभी करून दारात यायचा, तोवर दप्तरांच्या पाठीच दिसायच्या. नऊ दिवस असे गेले. दहाव्या दिवशी तो दारापर्यंत गेला नाही. टेबलाशी उभा राहून एका कडक वाळलेल्या चादरीवर पाणी शिंपडत राहिला.

पोरांचा गलका समोरून गेला. थोडा पुढे गेला. मग बुटांचा एकटा आवाज परत आला.

बटण दारात उभी होती. बाहेर ऊन इतकं लख्ख होतं, की तिच्या मागचा रस्ता पांढरा दिसत होता. तिनं डावा हात पुढे धरला होता आणि त्या एका बाहीतून, कोपरापासून खाली, पाणी टपटप पडत होतं. बाकी सगळी बटण ठणठणीत कोरडी होती. दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात पाण्याची बाटली अर्धी रिकामी दिसत होती, आणि तिचं झाकण नीट लागलेलं नव्हतं.

“रस्त्यात पाऊस लागला,” ती म्हणाली.

इस्त्रीवाल्यानं बाहेर पाहिलं. आभाळात एक ढगही नव्हता.

“कुठे?”

“खांबाजवळ.”

त्यानं मान डोलावली. वाकला, बाही डाव्या गालाला लावली आणि डोळे मिटले. पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं आणि कॉलरमध्ये उतरलं. बाटलीच्या प्लास्टिकचा वास येत होता. तो घाई करत नव्हता. त्यानं श्वास सोडला आणि कापड काय म्हणतंय ते ऐकत राहिला.

“काय आहे?” बटणनं विचारलं. “दमट?”

“छे,” तो म्हणाला. “निथळतंय. वेळ लागेल याला.”

मग त्यानं टेबलावरची चादर बाजूला सारली आणि तिला उचलून वर बसवलं.